कॉलरचा साचा

बाबा कापायचे, काका शिवायचे. तीस वर्षं एकच दुकान. बाबांना आकडे वाचता येतात, अक्षरं नाहीत, म्हणून कागद म्हटला की काका. शाळांच्या गणवेशांचा हंगाम आला की बाबा कापायच्या टेबलावरून हलायचे नाहीत, आणि हलावं लागू नये म्हणून पाणीच प्यायचे नाहीत. आईने सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं, पण ऐकतो कोण?

मग व्हायचं तेच झालं. दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात मुतखड्याने त्यांना आडवं केलं. डॉक्टरांनी पाण्याच्या उशीवर झोपवून यंत्राने बाहेरूनच धक्के दिले आणि खडा फोडला. "आपलं मशीन चालावं तसं टकटक करत होतं," बाबा फोनवर कौतुकाने सांगत होते. फुटलेले तुकडे लघवीची वाट अडवू नयेत म्हणून आत एक नळी ठेवली होती. तिचं काय, मी विचारलं.

"ती आपोआप विरघळते. तुझा काका बोललाय डॉक्टरांशी."

मीही मूर्ख, गप्प बसले. बाबांची कंबर दुखायची, लघवी लाल व्हायची. काका म्हणायचा, "दादा, पाणी पी." मोठा शहाणा!

गेल्या महिन्यात बाबा तापाने फणफणले, तेव्हा मी सासरहून धावत आले. एक्स-रेच्या फोटोत नळी जागच्या जागी होती, आणि तिच्यावर दगडाची पुटं चढलेली. डावं मूत्रपिंड कामातून गेलं होतं, ते काढावं लागलं. डॉक्टरांनी जुनी फाईल मागितली. काका म्हणाला, हरवली.

मी दुकान उलथंपालथं केलं. फाईल नाही मिळाली, पण कॉलर कापायचा पुठ्ठ्याचा साचा खिळ्याला टांगलेला होता. सहज उलटा केला. पुठ्ठा फाईलचाच होता. मागे डॉक्टरांचं अक्षर: 'नळी चार आठवड्यांनी काढणे आवश्यक.' खाली सूचना समजल्याची काकाची सही, अर्धी कापलेली. याच साच्याभोवती बाबांनी दोन वर्षं खडू फिरवला होता. मी साचा घेऊन तडक निघाले.

दवाखान्यात काका बाबांच्या उशाशीच बसला होता. मी त्याच्यादेखत सगळं वाचून दाखवलं. बाबांनी साचा हातात घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"ही कात्री माझी नाही," ते म्हणाले. "कड फाटलीय. तू कापलास हा."

काकाने मान खाली घातली. "दादा, हंगाम चालू होता. तू नसतास तर कापलं कोणी असतं? नंतर सांगणार होतो, मग राहूनच गेलं."

बाबांनी साचा उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं असतंस, तरी मी हंगाम उरकूनच गेलो असतो. पण गेलो असतो रे."