बी-झिरो

सर्जेकोटच्या खालच्या वाडीत ज्याला टोपणनाव नाही तो एक तर पाहुणा, नाहीतर बँकेचा साहेब. शर्मिला अर्धं आयुष्य बंगळूरला काढूनही पाहुणी झाली नव्हती, कारण वाडीनं तिला नाव ठेवलेलं होतं. ते नावही तिनं आपल्याच तोंडानं ओढवून घेतलेलं.

चतुर्थीला गावी आली होती. शेजारच्या काशीबाईच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बायका करंज्या भरत बसलेल्या. काशीबाईच्या पोटात प्रश्न आणि तोंडात पान दोन्ही फार वेळ राहत नाहीत.

"गो शर्मिला, तू थंय कॉम्प्युटर बनवतंस म्हणतत. आमच्या मालवणच्या दुकानात गावतलो काय तुझो?"

"मी बनवणंय नाय, काकी. कॉम्प्युटराचो मेंदू आसता मा, प्रोसेसर, तो दुसरेच बनवतत. मी त्यातल्यो चुको शोधतंय. चूक गावली की आतल्या नकाशात इल्लोसो बदल करतत आणि नवी खेप काढतत. पयली खेप ए-झिरो, सुधारलेली ती बी-झिरो. वरसून दोनय सारखेच. पाठीवरचां अक्षर तेवढां बदालता."

"म्हणजे दुसऱ्याच्यो चुको काढूचो तुका पगार गावता?" काशीबाईनं करंजी खाली ठेवली. "अगो, ह्यां काम आमी हय बसान फुकट करतो!"

खळं हसून लोळलं. दिवे लागायच्या आत 'बी-झिरो' वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत पोचलं होतं. पुढे कुणी शर्मिलाच्या लग्नाचा विषय काढला की काशीबाई म्हणायची, "सुधारलेला मॉडेल आसा बाबा, आमच्यासारख्यांक परवडाचा नाय." शर्मिलाही हसायची. हसली नसती तर करणार काय? आई-बापूस गेल्यावर तिला बोलावणारं घर एकच उरलं होतं, धाकट्या भावाचं, सिद्धेशचं. त्या घराची वाट काशीबाईच्या खळ्यातूनच जाते.

वाडीला जे ठाऊक नव्हतं ते असं. इतक्या वर्षांच्या नोकरीत शर्मिलाला खरी मोठी म्हणावी अशी चूक एकदाच सापडली होती. त्या प्रोसेसरमध्ये एक बारीकशी वाट होती. यंत्र सुरू होताना पहिला ठोका त्या वाटेनं पडायचा. ती वाट वापरानं हळूहळू झिजत होती. यंत्र चालू असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नसे. पण दोन-चार वर्षं वापरलेलं यंत्र एकदा बंद केलं, की ते पुन्हा उठेल याचा भरवसा नाही. झोपेत गेलेल्या माणसासारखं. चेहरा तोच, अंगही गरम, नुसता श्वास नाही.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. बी-झिरो निघाली, वाट सुधारली. नवा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा केक कापला तो ज्यांनी मूळ नकाशा काढला होता त्यांनी. शर्मिलानं दिव्यांच्या खांबाला टेकून टाळ्या वाजवल्या. राहता राहिला आधीच विकून झालेल्या ए-झिरोचा प्रश्न. मोठ्या गिऱ्हाइकांना दार लावून सांगण्यात आलं. लहानांना सांगायचं नाही असं ठरलं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्यांच्या गप्प राहण्याच्या कागदावर सह्या घेतल्या. गोदामात उरलेला माल कुठल्या कुठल्या बारक्या कारखान्यांनी स्वस्तात उचलला. त्यातला एक कारखाना होड्यांवरचे पडदे बनवायचा. समुद्राचा तळ, खडपं म्हणजे पाण्यातले खडक, मासळीचे थवे, घरी यायची वाट, सगळं दाखवणारे.

तसला एक पडदा सिद्धेशच्या होडीवर होता.

ते शर्मिलाला कळलं त्याच चतुर्थीला, करंज्यांच्या दुसऱ्या दिवशी. सिद्धेश चालू पडद्याची पाठ उघडून आतलं मीठ ब्रशानं झाडत होता आणि बहिणीला कौतुकानं दाखवत होता. मधोमध काळा चौकोन. शर्मिलानं वाकून अक्षर वाचलं. ए-झिरो.

"सिद्धू, हो डबो बदल."

"कित्याक? चालता मा?"

"बदल म्हणतंय तर बदल. मी नवो घेवन देतंय."

सिद्धेश हसायला लागला. "कमिशन गावता काय गो तुका? ताई, ज्या वर्षी ह्यो इलो, त्या वर्षी सुरमईन होडी बुडाची बाकी रवलेली. कुंकू बघ, मी लावलंय. बरकत दिलेली वस्तू चालती आसताना होडीवरसून काडनत नाय. बापूस तुका ह्यां शिकवक नाय?"

बापूस गुरुदास यानं शिकवलं होतं. ज्या जाळ्यानं मोठी मासळी दिली त्याचा तुकडा तो मरेपर्यंत होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, बांधत असे. शर्मिलाच्या ओठांवर सगळं आलं, ती झिजणारी वाट, ती सही. एवढंसं तोंड उघडलं असतं की झालं असतं. पण सिद्धेशला सांगायचं म्हणजे काशीबाईला सांगायचं, आणि काशीबाईला सांगितलेलं बंगळूरला तिच्या आधी पोचलं असतं. नोकरी गेली तर या वयात तिला ठेवून कोण घेणार? तिनं अर्धं गिळलं आणि अर्धंच बोलली.

"मगे एक कर. ह्यो कधी बंद करू नको. कधीच नाय."

"का ता?"

"मी सांगतंय म्हणान."

सिद्धेशनं क्षणभर बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा काही झाला होता, की त्यानं थट्टा आवरली आणि मान हलवली. त्याला वाटलं, ताईनं कुठेतरी नवस केलाय. होडीसाठी, त्याच्यासाठी. परमुलखात एकटी राहणारी बाई, देवाजवळ काय काय बोलत असेल! कारण सांगू नये असा नेम असतोच. नेमाचं कारण विचारलं तर त्याचं फळ जातं.

आणि त्यानं तो नेम पाळला हो! होडी किनाऱ्याला ओढून झावळ्यांनी झाकली तरी पुढचा पावसाळाभर पडद्याला जुनी बॅटरी जोडून ठेवली, घरच्या विजेवर भरत ठेवून. वाडीला तर चैनच झाली. "सिद्धेशाच्या होडयेत नंदादीप पेटताहा! बी-झिरोचो देव!" काशीबाईनं एकदा जाता जाता त्या झावळ्यांना हात जोडले, थट्टेनं. पण जोडले.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी परत येताना सिद्धेशचं इंजिन वाटेत गप्प झालं. दाट धुकं. बॅटरीत जीव थोडाच उरलेला आणि तो पडदा खात होता. तो बंद केला तर इंजिनाला एक झटका मिळाला असता. सोबतचा खलाशी म्हणाला, "बंद कर रे, मगे चालू कर." सिद्धेशचा हात बटणावर अडला. मग त्यानं पुजेला ठेवलेला नारळ घेतला आणि उभं राहून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ताईचो नेम मोडतंय, अडचण आसा, चुकभूल पदरात घे." नारळ समुद्राला दिला. नेम मोडला तर त्याला उतारा असतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

इंजिन सुरू झालं. पडदा झाला नाही.

गुरुदास डोंगराची शेंडी आणि पाण्याचा रंग बघून घरी येत असे. सिद्धेशला पडद्याची सवय. आणि धुक्यात डोंगर तरी कुठला दिसायला? होडी खडपावर चढली आणि मधोमध उकलली. दुसऱ्या होडीवाल्यांनी दोघांना बाहेर काढलं. सिद्धेशचा उजवा हात मात्र फळी आणि खडपाच्या मधे सापडला होता.

शर्मिला आली तेव्हा तो ओटीवर हात गळ्यात बांधून बसला होता.

"ताई, तो नेम नाय होतो?"

"नाय."

"तुका कारण ठाऊक होता?"

"होय."

"मगे सांगूक नाय?"

"सही केली होती, सिद्धू."

त्यानं मान हलवली, जशी त्या दिवशी होडीवर हलवली होती. "माका वाटला देवाचा काम. देवाची समजूत घातली मी. तुझ्या कंपनीची कशी घालतलंय?"

शर्मिलानं पिशवीतून नवा पडदा काढला. बी-झिरो, तपासून घेतलेला. सिद्धेशनं तो पाहिलाही नाही. "ठेव थंय," एवढंच म्हणाला. थंय म्हणजे कुठे ते त्यानं सांगितलं नाही. होडी तर नव्हतीच. हात बरा झाला तरी जाळं ओढण्याइतका होणार नव्हता. दुसऱ्याच्या होडीवर सुकाणूला बसवतील, बसवलं तर.

पडदा तिनं देवळीत ठेवला, खोक्यासकट.

जाताना काशीबाईचं खळं लागलं. बायका बसल्याच होत्या, सुपाऱ्या फोडत. शर्मिला थांबली. आता येईल, 'इलंस गो बी-झिरो' असं काहीतरी, म्हणून थांबली. त्यावर काय बोलायचं तेही तिनं मनात ठरवलं होतं.

काशीबाईनं हात पुसले, पदर सारखा केला आणि मामलेदार कचेरीत बोलते तशी बोलली.

"शर्मिलाताई, कधी आलात? बसा ना."

आणि तिनं आत जाऊन तिच्यासाठी खुर्ची आणली.