बराकीतली हाक

सडलेल्या कांद्याचा वास आला की मला पिंपळवंडीतली ती दुपार आठवते. मी तेव्हा गावात नवी सून होते आणि शेजारच्या काकूंनी आळेफाट्याहून भुताच्या सिनेमाची सीडी आणली होती. मुलांनी अडगळीत टाकलेला म्हातारा मरतो आणि भूत होऊन घरी परततो, अशी त्याची गोष्ट. म्हातारा पाणी पाणी करत मेला तेव्हा काकू पदराने डोळे पुसत होत्या. तेवढ्यात मागच्या, कांदे साठवायच्या बराकीतून त्यांच्या सासऱ्यांनी, आबांनी, पाण्यासाठी हाक मारली. त्यांची खाट तिथेच, कांद्याच्या ढिगाशेजारी असायची. "ह्यांना बी आत्ताच तहान लागायची व्हती," टीव्हीवरची नजर न काढता काकू म्हणाल्या. मी म्हणाले, "काकू, सिनेमात तरी दुसरं काय दाखवलंय?" "तो सिनेमा हाय बाई. बस खाली." मी चिडून उठले आणि तांब्या भरून बराकीत गेले. पाणी पिऊन आबांनी विचारलं, "कसला आरडाओरडा चाललाय घरात?" मी त्यांना गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मंग मेल्यावर तरी आत घेतला का त्याला?" तांब्या घेऊन मी निघाले. परत आले तर काकूंनी भीती वाटते म्हणून मागचं दार आतून लावून घेतलं होतं. इतकी वर्षं झाली, त्या लावलेल्या दाराचा राग अजून जात नाही.