तीन घरं, सहा क्रम

भाईंदरच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवणाऱ्या द्वारकाबाईंना पोरं टरकून असत, आणि बाईंनाही ते तसंच हवं होतं. मांडणीचं उदाहरण निघालं की बाईंचा पारा चढलाच म्हणून समजा. "मॅडम, अंदाज से लिखूँ?" असं कोणी विचारलं तर त्याची धडगत नसे.

"अंदाजपंचे दाहोदरसे बाजारात! पहिली जागा धर, बाकीच्या फिरव. संपलं की पुढच्याला पहिला धर. एकही सुटता कामा नये."

भावकीत मात्र हे गणित कोणी ऐकून घेत नव्हतं. गावदेवीच्या जत्रेत त्यांची तीन घरं एकामागून एक आरती करत. पहिली कायम थोरले चुलत दीर बाबुराव यांची. दुसरी आणि तिसरी बाईंचं घर आणि धाकटे चुलत दीर गोपीनाथ यांच्यात आलटून पालटून. मिठागरं गेली, शेतं गेली, पण बाबुरावांचा ताठा काही जाईना. बाईंचा नवरा वारल्यापासून तर 'त्या घरात बाप्या न्हाय' हे त्यांचं पालुपदच झालं होतं.

बाईंची सासू शालू पंच्याऐंशीची. हृदय अर्ध्यावर चालतंय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मरायच्या आधी एकदा पहिली आरती आपल्या हातानं करावी, एवढंच म्हातारीचं मागणं होतं.

जत्रेआधीच्या बैठकीत बाईंनी विषय काढला.

"दोनच परकार हायेत," बाबुराव म्हणाले. "आमी पैले. मागं तुमी, नायतर गोपीनाथ."

"तुम्ही स्वतःलाच धरून बसलात, भावोजी. सातवीतलं पोरगंही तिथे थांबत नाही."

देवळातल्या फळ्यावर बाईंनी खडूनं सहा ओळी लिहिल्या. वरच्या दोन ओळींत बाबुराव पहिले, मधल्या दोन ओळींत गोपीनाथ, खालच्या दोन ओळींत आपलं घर. दर जत्रेला एक ओळ.

बाबुराव फळ्याकडे बघून हसले. "मंजूर. वरून सुरू करू. तुमची पाळी पाचव्या वर्षी. तवर म्हातारी ऱ्हाते का, ते बघ."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. आपलीच शिस्त आपल्या मुळावर आली होती. त्यांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं.

"खालून सुरू करू," त्या म्हणाल्या. "ओळी त्याच, सहाच्या सहा."

सगळ्यांनी गोपीनाथकडे पाहिलं. "मला वरून मोजा नायतर खालून, माझी पाळी तिसऱ्याच वर्षी," तो म्हणाला. "पण म्हातारीला असं बोललास ना दादा, आता खालूनच."

सगळ्यात खालच्या ओळीत बाबुराव तिसरे होते.

जत्रेच्या दिवशी शालूनं ताट धरलं, बाईंनी खालून आधार दिला. मग गोपीनाथची आरती झाली. बाबुरावांचा पत्ता नाही. पुजारी म्हणाला, उरकून घेऊ.

"न्हाय," म्हातारी म्हणाली. "तिसरा हाय तो. येव दे, मी बसते."

बऱ्याच वेळानं ते आले. आरती चुकवणाऱ्या घराचा मान कायमचा जातो, हा नियम त्यांच्याच वडिलांनी घालून दिलेला होता. मान खाली घालून त्यांनी ताट हातात घेतलं. आता तरी आपल्याला थोडं वाईट वाटेल, असं बाईंना वाटलं होतं. वाटलं नाही. बाबुरावांचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्या पुढे सरकल्या.