ऑरिनने बुजवलेल्या फटी

ऑरिन स्कोगमोचं थंडीशी वैर होतं, अगदी भाऊबंदकीतलं असावं तसं जुनं. तो ज्या शेतघरात वाढला तिथे भिंतींतून बर्फ आत यायचा आणि सकाळी त्याच्या गोधडीवर पांढरी रेघ दिसायची. तेव्हापासून फट दिसली की त्याचा हात शिवशिवायचा. पुढे त्याने जन्मभर शाळेची बस चालवली. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्याच्याच बसने शाळेत गेली. एखादं पोर वेळेवर बाहेर आलं नाही तर तो हॉर्न वाजवायचा नाही, नुसता थांबायचा. माणूस असा.

निवृत्त झाला आणि त्याच्या हाती फटी भरायच्या सीलंटची बंदूक आली. दर ऑक्टोबरात, पानं गळून झाली की तो आधी स्वतःच्या आणि मग आमच्या घरांभोवती रांगत फिरायचा. खिडक्यांच्या कडा, नळांची भोकं, काही म्हणून सोडायचा नाही. आमच्या सगळ्यांच्या घरांना दर्शनी बाजूला बांधणाऱ्याने पातळ दगड चिकटवलेत, आणि दगड जिथे संपतात तिथे तळाशी एक बारीक फट ठेवलीय. ऑरिन तीही बुजवायचा. पांढऱ्याशुभ्र सीलंटने.

"इथून उंदीर शिरतात, मार्गिट," तो मला सांगायचा, "आणि उंदरांच्या मागून थंडी."

"वेगळंच दिसतंय हं," मी म्हणायचे. आमच्याकडे एखादी गोष्ट मुळीच आवडली नाही की असं म्हणतात. ऑरिनला मात्र ते कौतुक वाटायचं. मी त्याला कॉफी आणि लिंबाच्या वड्या द्यायचे, आणि तो दिसेनासा झाला की स्क्रू-ड्रायव्हरने ती पट्टी उपसून काढायचे. करड्या दगडाखाली टूथपेस्ट सांडल्यासारखी दिसायची ती. फट कशासाठी असते हे मलाही ठाऊक नव्हतं. पण इतक्या भल्या माणसाला नको म्हणायचं कसं?

पुढच्या ऑक्टोबरात तो यायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "हिवाळ्याने खाल्लं बघ सगळं. माझ्याकडचं टिकतं. तुमच्या बाजूला वारा फार." आणि पुन्हा भरायचा.

यंदा बर्फ वितळताना त्याच्या बैठकीच्या खिडकीखालचे दगड गळून पडले. शेजारचा ओढून पाहिला तर तोही हातात आला. मागची फळी काळी पडली होती, बोट लावलं तर कॉफीत बुडवलेल्या टोस्टसारखी तुटत होती. ऑरिन तिथेच ओल्या गवतात बसून राहिला, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. दगडामागे थोडं पाणी शिरतंच. ते निथळून जावं म्हणून खाली वाट ठेवलेली असते, आणि त्याने दर वर्षी नेमकी तीच बंद केली होती. पाणी आत कोंडलं, गोठून फुगलं आणि दगड सुटले.

स्वतःच्या भिंतीचं त्याला एवढं काही वाटलं नाही. फळ्या बदलता येतात. त्याच्या घशाखाली घास उतरेना तो आमच्या घरांपायी. सगळी गल्ली आपण आपल्या हाताने कुजवली, असं त्याने मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी चर्चला जायचा कोट घालून तो माझ्या दारात उभा.

"मार्गिट, तुझ्या घराचं मी वाटोळं केलंय. बघू दे मला."

तो भिंतीशी गुडघ्यांवर बसला. फट स्वच्छ, मोकळी.

"हिवाळ्याने खाल्लं?"

"नाही रे. मी काढलं."

"कधी?"

"दर वर्षी. तू गेलास की."

तो उठला, गुडघे झटकले आणि रस्त्याकडे वळला. मला इतकं कानकोंडं झालं की मीही त्याच्याबरोबर निघाले. पुढचं घर आर्डिसचं. आर्डिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, तिला खोटं बोलता येत नाही, तरी बोलायला जाते.

"माझ्याकडचं? मुंग्यांनी नेलं असेल," ती म्हणाली.

"आर्डिस."

"बरं बाबा, मीच काढलं. लोण्याच्या सुरीने. तुला वाईट वाटलं असतं ना."

त्यापुढच्या घरी डेलने बागेतलं खुरपं वापरलं होतं. कोपऱ्यावरच्या घरातल्या दोघी बहिणी आळीपाळीने काढायच्या, एक वर्ष ही, एक वर्ष ती. त्याचं घर सोडलं तर गल्लीत एकही फट बुजलेली नव्हती. शेवटच्या घराच्या पायरीवर ऑरिन मटकन खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटला.

"म्हणजे इतकी वर्षं मी पुढे रांगतोय आणि तुम्ही सगळे माझ्या मागून रांगताय? एकालाही तोंड उघडता येऊ नये?"

"वेगळंच दिसतंय म्हणत होते की मी," मी म्हणाले. मलाही हसू आवरेना. त्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

आम्ही परत आलो तेव्हा त्याची बायको लव्हॉन अंगणात पडलेले दगड ब्रशने घासून ओळीने लावत होती.

"कुणाचंच कुजलं नाही, लव्हॉन," ऑरिन म्हणाला. "सगळ्यांनी काढून टाकलं होतं. फक्त आपलंच तेवढं राहिलं." मग त्याने विचारलं, "तुला कधी काढावंसं नाही वाटलं?"

"दिसायचं तर भयंकर," लव्हॉन हातातला दगड घासता घासता म्हणाली. "पण त्याने थंडी येत नाही असं तूच म्हणाला होतास. आणि मला खरंच कधी वाजली नाही."

ऑरिनने कोट काढून कठड्यावर टाकला आणि तिच्या शेजारी बसून दुसरा ब्रश घेतला. इतका ओशाळलेला आणि इतका सुखी माणूस मी एकाच वेळी कधी पाहिला नव्हता.