पट्टी धरून मारलेली रेघ

लिहायला मी निवृत्तीनंतर लागलो. गावाच्या स्मरणिकेसाठी आमच्या जिंतूरकडच्या डोंगरपट्ट्यावर लेख मागितला गेला, तेव्हा आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या मला संकोचातही आनंद झाला. उतारावरचा मुरूम, खाली साचलेली काळी माती, उन्हाळ्यात आटणारे ओढे, सारे मी मन लावून लिहिले. दर्ग्याच्या हौदावरही एक परिच्छेद होता. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून त्या हौदात येते आणि तिथून आमच्या मळ्यात. निजामी राजवटीच्याही आधी हे नळ ज्यांनी घातले, त्यांच्या घराण्यातले चाचा आज दर्गा सांभाळतात. ज्वारीच्या हुरड्याची पहिली मूठ आमच्या घरून अजून त्यांच्याच ओंजळीत पडते.

स्मरणिकेच्या बैठकीत एकाने सहज विचारले, "दर्ग्याचं एवढं कशाला, गुरुजी?" त्यावर कुणी काही बोलले नाही. मीही नाही. घरी येऊन तो परिच्छेद मी स्वतः खोडला. खोडा, असे कुणीही म्हणाले नव्हते.

अंक निघाल्यावर चाचा एक प्रत घेऊन घरी आले. नळांची माहिती मी त्यांनाच विचारून घेतली होती. त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही.

"गुरुजी, आमच्या नळाचं तेवढं वाचा. पीरबाबा मला वर बोलवायलेत, उशीर नका करू."

मी लेखाचे पान उघडले आणि जे छापलेच नव्हते ते आठवून वाचले. चाचांनी डोळे मिटले होते.

"आणखी एकडाव."

दुसऱ्या वेळी शब्द थोडे मागेपुढे झाले. त्यांच्या ते ध्यानात आले की नाही, कळले नाही.

"लय बेस. आता त्याच्याखाली रेघ मारून द्या. काचेत घालून दर्ग्याच्या दाराशी लावतो. नळ कुणी घातले, इचारतात लोकं. मला दावता तरी येईल."

तेव्हाही सांगता आले असते. मी पट्टी मागवली आणि आमच्याकडच्या पावसाविषयीच्या दोन ओळींखाली सरळ, सुबक रेघ मारून दिली.

परवा बाजारात चाचांनी चारचौघांत माझा हात धरला. "ह्या माणसानं आमच्या वाडवडलांचं छापून आणलं," ते म्हणाले. ऐकणाऱ्यांत दोघे स्मरणिकेच्या बैठकीतले होते. दोघांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच मान डोलावली.

मीही डोलावली.