पिल्लांची मिशीवाली माय

चिचटोल्यात कोणी नवखा आला आणि त्याने मुखरू ढिवराचं घर विचारलं, तर माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "कोनता मुखरू? मुखरूमाय काय?" नवखा बुचकळ्यात पडतो. मुखरूच्या मिशा अशा, की दोन्ही टोकांवर एकेक चिमणी बसावी आणि मिशी वाकू नये. अशा माणसाला अख्खं गाव माय का म्हणतं, हे त्याला विचारू नये. त्याच्या बायकोला, सोनीबाईला विचारावं. ती तोंडाला पदर लावून सांगते आणि दर वेळी थोडं वाढवून सांगते. वाढीव काढून टाकलं की उरतं ते असं.

मालगुजारांची जमीनदारी गेली आणि गावचा तलाव सरकारचा झाला. ढिवरांना, म्हणजे गावच्या मासेमारांना, वाटलं, आता आपलंच राज्य. पण सरकारने तलावाचा लिलाव केला आणि वडशाच्या एका ठेकेदाराने तो उचलला. त्याची बारीक जाळी पाहून बायका म्हणाल्या, "ह्याच्यात तं मच्छरबी अडकंन." भर श्रावणात, मासोळी गाभोळीने भरलेली असताना, त्याने तलाव खरवडून काढला. टोपल्या बर्फात घालून वडशाच्या रेल्वेवर चढवल्या. त्या हिवाळ्यात चिचटोल्याच्या ढिवरांनी आपल्याच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून वाळके झिंगे खाल्ले, तेही बाजारातून आणून.

तेव्हा मुखरू उठला. ढिवरांची सोसायटी केली, तिचा अध्यक्ष झाला आणि कुरखेडा, चांदा अशा चकरा मारू लागला. त्याचं मागणं साधं होतं. तलाव सोसायटीला द्या. आणि तलाव कोणालाही द्या, पण पोळ्यापर्यंत जाळं बंद राहील असा कायदा करा. चांद्याच्या कचेरीतला एक बाबू म्हणाला, "काऊन गा, मासोळ्यायनं अर्जी देली काय तुयाजवळ?" मुखरू म्हणाला, "देली न, बाबू. तुमाले त्यायची बोली समजत नाई, म्हनून मी आलो." बाबू हसला, पण बात वर पोचली. श्रावणात एक साहेब येणार, तलाव पाहणार आणि सोसायटी की ठेकेदार, याचा फैसला करणार असं ठरलं.

मुखरूची सारी भिस्त एका रिवाजावर होती. आषाढ लागला की चिचटोल्याचा ढिवर जाळं कोरडं करून आढ्याला टांगतो, ते पोळा झाल्यावरच उतरवतो. कोणी मधेच पाण्यात टाकलं, तर त्याचं जाळं पाळीवरच्या मोहाच्या झाडावर टांगायचं आणि तिथेच कुजू द्यायचं. पुढल्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत त्याने दुसरं हाती धरायचं नाही. आमचा कायदा आधीच आहे, सरकारने फक्त शिक्का मारावा, असं मुखरू साहेबाला सांगणार होता.

आणि नेमका इथे त्याच्यातला ढिवर आडवा आला.

ढिवराच्या घरी पाहुणा यावा आणि ताटात मासोळी नसावी, म्हणजे लग्नघरी चूल थंडी! साहेब जेवायला मुखरूच्याच घरी होता. सोनीबाईने डाळ-भात आणि अंबाडीची भाजी ठरवली होती. मुखरूला रात्रभर झोप नाही. पहाटे त्याने आढ्यावरचं जाळं ओढलं आणि पाळीच्या टोकाला गेला. तिथे काठाजवळ मरळीच्या पिल्लांचा तांबडा गोळा पाण्यावर तरंगत होता, कुंकू सांडल्यासारखा. मरळ पिल्लांना सोडून जात नाही. नर-मादी दोघं खालीच घिरट्या घालतात, म्हणून तेव्हा ती धरायला सगळ्यात सोपी. आणि म्हणूनच तेव्हा तिला कोणी हात लावत नाही. मुखरूने एकच फेक केली. जोडीच लागली. पिल्लं जाळ्याच्या डोळ्यांतून गळून पुन्हा पाण्यात पडली.

सोनीबाईने दोन मरळी पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवले. "मी नाई रांधत."

"अवो, साहेब येऊन राह्यला! त्याले का भाजी चारू?"

"तूच चार. आन त्या पिल्लायले कोन पाहीन? तू जाशीन पान्यात?"

मुखरूने स्वतःच पाटा-वरवंटा घेतला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मिरची डोळ्यात गेली, मिशीत गेली. ओलं जाळं त्याने घाईत पुन्हा आढ्यावर फेकलं.

साहेब आला तो लाल डोळ्यांचा अध्यक्ष पाहून चमकला. साहेब तरुण, चष्म्याचा, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. सोबत ठेकेदाराचा माणूस लच्छू. हा लच्छूही ढिवरच, चिचटोल्यातलाच. ठेकेदाराच्या पगारावर गेला, तेव्हापासून गावात कोणी त्याला पान विचारत नव्हतं, म्हणून तो स्वतःच्याच डब्यातलं खात होता आणि पिचकाऱ्या मात्र गावावर टाकत होता.

सारे पाळीवर आले. म्हातारा वारलू, जमातीचा कारभारी, काठी टेकत पुढे. मुखरू साहेबाला मोहाच्या झाडाकडे, म्हणजे पाळीच्या मधोमध नेऊ पाहत होता. पण वारलूची नजर टोकाकडे गेली.

"साहेब, इकडं या. तुमाले गंमत दाखवतो."

मुखरू मधे आला. "वारलूभाऊ, तिकडं चिखल हाये."

"साहेबाच्या पायाले पाहा. आता काय राह्यला चिखल लागाचा?"

तांबडा गोळा तसाच तरंगत होता, पण सकाळपेक्षा लहान, आणि कडेने विस्कटलेला. साहेब वाकला. "हे काय आहे?"

"मरळीची पिल्लं. यायचे मायबाप खालीच असतात. पाहा आता, काठी पुढं केली की कशी धावून येते! पोराच्या अंगावर कोनी आलं की मरळ वाघीन होते."

वारलूने काठी पाण्यात घातली. काही झालं नाही. त्याने पुन्हा घातली, हलवली, पिल्लांच्या अगदी जवळ नेली. पाणी स्वस्थ. मग बाजूने एका दुसऱ्याच माशाचं तोंड वर आलं, गोळ्यातला एक लचका घेऊन खाली गेलं. पिल्लं सैरावैरा झाली आणि पुन्हा एकमेकांना चिकटली.

वारलूने काठी बाहेर काढली.  मागचे ढिवर एकमेकांकडे पाहू लागले. साहेबाला काही कळलं नव्हतं. "गेली असेल कुठे तरी," असं म्हणून तो वळलाही. मुखरू लगेच मोहाकडे चालू लागला.

"थांबा, साहेब," लच्छू म्हणाला. पान गालात सरकवलं. "मरळ कुठी जात नसते. दोघंबी नाई म्हंजे आजच कोनी जाळं टाकलं. इचारा यायले, खोटं असंन तं."

साहेबाने वारलूकडे पाहिलं. "खरं हाये," वारलू म्हणाला.

"आणि रिवाज मोडणाऱ्याला तुमच्यात शिक्षा काय?"

"जाळं मोहावर टांगतो, साहेब."

"टांगलंत कधी कोणाचं?"

लच्छू खो खो हसला. "मी याच गावात वाढलो, साहेब. त्या मोहावर वाघुळं पाह्यली, माकडं पाह्यली. जाळं काई पाह्यलं नाई. समद्या गप्पा."

ते खरं होतं, हेच वाईट. रिवाज मोडला नव्हता म्हणून जाळं टांगलं नव्हतं, पण हे साहेबाला कोण पटवणार? मुखरूच्या डोळ्यांपुढे आढ्यावरून ठिबकणारं आपलं जाळं आलं. गप्प राहिलं तर घरोघर पाहणी होणार. बोललं तर सोसायटीचा अध्यक्षच चोर. दोन्हीकडून तलाव वडशाला. त्याने गर्दीत सोनीबाईला शोधलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती; पिल्लांकडे पाहत होती.

तो घराकडे चालू लागला. लच्छू ओरडला, "पळाला, पाहा अध्यक्ष!"

मुखरू परत आला तेव्हा खांद्यावर जाळं होतं आणि पाठीवरून पाणी गळत होतं. तो सरळ मोहापाशी गेला. सोनीबाईने ज्याच्यासाठी तागाचं सूत वळलं होतं, ते जाळं त्याने हात पोचेल त्या सगळ्यात वरच्या फांदीवर फेकलं आणि गाठ मारली.

"लच्छू," तो म्हणाला, "आता पाह्यलं न?"

साऱ्यांच्या माना मोहाकडे वळल्या. मग साहेबाने विचारलं, "तुम्हीच कायदा मागायला आलात आणि तुम्हीच मरळ मारलीत? कोणासाठी?"

"तुमच्यासाठी, साहेब. पाहुण्याच्या ताटात..."

साहेबाने चष्मा काढून पुसला. "अहो, श्रावण आहे. मी श्रावणात मासे खात नाही."

आता ढिवराला श्रावण म्हणजे जाळं बंद, एवढंच ठाऊक. त्यात वाळके झिंगे तो मजेत खातो. जेवणाऱ्याचंही तोंड बंद असतं, हे त्याच्या डोक्यात यावं कुठून? पाळीवर पहिली हसली ती सोनीबाई. मग हसू आवरेना कोणालाच. एकटा मुखरू तेवढा हसला नाही.

साहेब डाळ-भात आणि अंबाडीची भाजी जेवला. फैसला मात्र न सांगताच गेला.

त्यानंतर मुखरूने केलं ते गाव विसरलं नाही. बांबू घेऊन तो पिल्लांशेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहू लागला. बगळा आला की हाकल, मोठा मासा फिरकला की पाणी बडव. पाळीवरून जाणारी बाई विचारायची, "काय वो मुखरूमाय, लेकरं जेवली काय?" तो मिशीतून शिव्या द्यायचा, पण हलायचा नाही. उरलेली पिल्लं काळी पडली, मोठी झाली आणि एके सकाळी आपसूक पांगली, तेव्हाच तो बाहेर निघाला.

पोळ्याच्या तोंडावर निरोप आला. तलाव सोसायटीला. अट अशी, की आषाढापासून पोळ्यापर्यंत जाळं बंद आणि मोडणाऱ्याचं जाळं जप्त. साहेबाने म्हणे वर सांगितलं होतं, की नियम पाळणारी गावं पुष्कळ पाहिली, मोडल्यावर अध्यक्षाचंच जाळं टांगणारं हे एकच.

पोळा झाला. चिचटोल्याची सारी जाळी एकाच वेळी उघडली. ज्याने तलाव मिळवला तो मोहाखाली रिकाम्या हाताने बसला होता आणि डोक्यावर त्याचं जाळं उन्हापावसाने काळं पडत होतं. वारलूने सगळ्यांबरोबर त्याचाही वाटा काढला. रिवाजात जाळं बंद होतं, पोट नाही.

सांजेला सोनीबाईने ताट वाढलं. मुखरू रस्सा बोटाने ढवळत बसला.

"खा न. मरळ नोय ते. झिंगे हायेत."

"नीट पाह्यलंस?"

"पाह्यलं, माय," सोनीबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.