पाळण्यासकट जॅकवर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण त्या सकाळी मी तापलेली नव्हते, नुसती हरखून गेले होते. देगलूरला माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर झालेली पोर! बारसं भावजयीच्या माहेरी, दुपारी बाराला. आणि नाव कोण ठेवणार? आत्या. म्हणजे मी, एकुलती एक! नाव मी मनात पक्कं केलं होतं, नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नव्हतं. सुताराकडून सागवानी पाळणा करून घेतला होता. तो गाडीच्या टपावर दोरीनं बांधला, नवी साडी नेसले आणि आठ वाजता नांदेडहून एकटीच निघाले. गाडी मीच चालवते.

पेट्रोल पंपावर हवा भरणारा म्हणाला, "मॅडम, पुढच्या टायरला फुगा आलाय. असंच गेलात तर वाटेत फुटंल." वाकून बघितलं तर खरंच, टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा! स्टेपनी काढली तर तिची तार दिसत होती. देगलूर दोन तासांवर, हातात चार तास. म्हटलं, टायर बदलून घेऊ अन् सुटू.

जवळच टायरचं मोठं दुकान होतं. मालक फोनवर बोलत होते. एका कानाला फोन तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "साहेब कुठायत?"

"साहेब घरी. गाडी माझी, टायर मला पाहिजे."

"पंधरा मिनिटं, ताई. बसा."

गाडी जॅकवर चढली, चाक निघालं आणि मग कळलं की माझ्या मापाचं टायर दुकानात नाही, गोदामात आहे! मी म्हटलं, "मग चाक कशाला काढलं हो?" मालक म्हणाले, "माणूस गेलाय आणायला." माणूस अर्ध्या तासानं आला तो भलत्याच मापाचं टायर घेऊन. परत गेला. परत आला तो रिकाम्या हातानं. बरोबर मापाची टायरं आतल्या खोलीत, खोलीला कुलूप अन् किल्ली भागीदाराच्या खिशात.

"भागीदार कुठायत?"

"येऊनच राहिलेत, ताई. औश्याहून निघालेत."

औसा! अहो, ते लातूरच्या पलीकडं! माझं डोकंच सणकलं. "दुसऱ्या दुकानातून मागवा की!" तर म्हणे, "मागवलंय, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं काही संपेनात. एसटीनं जावं म्हटलं, तर सागवानी पाळणा घेऊन कुठला कंडक्टर मला चढू देणार? रिकाम्या हातानं जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तीन चाकांची गाडी, वर पाळणा अन् खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत जरीच्या साडीतली मी. येणारा-जाणारा वळून बघत होता.

दुकानात चाकं बसवणारे एक वयस्कर मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. टपाकडं बघत त्यांनी दोनदा विचारलं, "कहाँ निघालात, आपा?" दोन्ही वेळा मी फटकन बोलले, "काम आहे!" आमच्यात निघताना कुणी कुठं निघालात म्हणून टोकलं तर काम फिसकटतं, म्हणून सांगायचंच नाही अशी रीत. मी आईची शिकवण पाळत होते. चाचा मान हलवून आपल्या कामाला लागले.

अकराला भावाचा फोन आला. "आक्का, निघालीस ना? ही सकाळपासून विचारून राहिलीय, आक्का येणार ना म्हणून."

तिनं 'येणार ना' असं विचारावं, त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या मुलाचं बारसं होतं. भावजय हौसेनं बाळाला पाळण्यात ठेवायला पुढं आली, तेव्हा चारचौघींत मी तिला म्हटलं होतं, "तू राहू दे, लेकुरवाळ्यांना ठेवू दे." ती हसून मागं सरली अन् जेवणाची पानं वाढायला लागली. त्यानंतर ती माझ्याशी कधी वाकडं वागली नाही, पण माझ्या घरी मुक्कामाला म्हणून राहिली नाही. मीही माफी मागितली नाही. थोरल्या नणंदेनं माफी मागायची असते, हे तरी कुणी शिकवलं होतं मला? आणि आता तिनंच निरोप धाडला होता, नाव आक्कांनीच ठेवायचं, दुसऱ्या कुणी नाही. मी वेळेवर नाही गेले तर ती काय समजंल?

मी ताडकन उठले अन् ओरडले, "आग लागो त्या औश्याला! अहो, तिकडं बारा वर्षांनी पोर झालीय माझ्या भावाला! मी आत्या हाय आत्या! मी गेल्याबिगर नाव कोण ठेवणार तिचं?"

चाचा पाना हातात घेऊन उभेच राहिले. "या अल्ला! पहिलेच सांगायचं ना, आपा! फुफीबिगर नाव कसं ठेवतील? मी दोनदा पुछा तुमाला!"

एवढं बोलून ते थेट दुकानापुढं उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडं गेले. अगदी माझ्या गाडीसारखीच गाडी, मालकाची! खाली जॅक लावला, चार नट फिरवले अन् चाक बाहेर. मालक फोनवर बोलत मागं वळले अन् किंचाळले, "अहो चाचा, माझी गाडी हाय ती!"

"भागीदार औश्याहून येईस्तोवर तुमाला कुठं जायचंय, सेठ?" चाचा चाक घरंगळत माझ्या गाडीकडं आणत म्हणाले. मला हसू आवरेना. "उद्या आणून देते हो!" म्हणत मी गाडी काढली. साडेअकरा झाले होते.

देगलूरला पोचले तेव्हा पावणेदोन वाजले होते. गाडीतून उतरून धावतच आत गेले. बायका ताटकळल्या होत्या. दारातच भाऊ कानात कुजबुजला, "हिची थोरली काकू म्हणत होती, मी ठेवते नाव, तर ही बाळ मांडीवरून उचलू देईना."

पाळणा टांगला. भावजयीनं लेकीला स्वतःच्या हातानं त्यात ठेवलं. मी वाकले, त्या इवल्या कानाशी 'कुर्र' केलं अन् नाव सांगितलं. आत्या नाव सांगते तेव्हा बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. पण मी पडले मोठी, त्यातून तापट, त्यामुळं सगळ्याजणी आपलं हळूच टेकवत होत्या. तेवढ्यात एक धपाटा असा सणसणीत बसला की मी पाळण्यावर कोलमडता कोलमडता राहिले.

वळून बघितलं तर भावजय. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "लई उशीर केलात, आक्का," ती म्हणाली.

"हाव गं," मी म्हटलं, "लईच. अजून एक घाल."

तिनं घातला. पहिल्याहून जोरात.